न्यूझीलंडमध्ये उसण भरली, पाय मुरगळला: एसीसीतून ॲक्युपंक्चर कसं घ्यायचं

न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली की पगारातून जो कर कापला जातो, त्यातच दर शंभर डॉलरमागे दीड-पावणेदोन डॉलर एसीसीचे, म्हणजे सरकारी अपघात विम्याचे, असतात. बहुतेकांना ते कळतही नाही. मग एखाद्या शनिवारी क्रिकेट खेळताना घोटा मुरगळतो, किंवा घर बदलताना वॉशिंग मशीन उचलायला जावं आणि कमरेत उसण भरते. अशा वेळी ऑफिसातला कोणीतरी सांगतो, "एसीसीवर ॲक्युपंक्चर घे, पैसे लागत नाहीत." यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा कधी खरा असतो, कधी नसतो.

एसीसी म्हणजे ॲक्सिडेंट कॉम्पेन्सेशन कॉर्पोरेशन, देशाचा सरकारी अपघात विमा. सर ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ मध्ये ही कल्पना मांडली आणि १ एप्रिल १९७४ पासून ती अमलात आली. चूक कोणाची हे इथे विचारलंच जात नाही. तुम्ही स्वतःच्या धांदरटपणाने शिडीवरून पडलात तरी उपचार मिळतात. त्याच्या बदल्यात, इजा झाली म्हणून समोरच्याला कोर्टात खेचून भरपाई मागायचा हक्क या देशात जवळजवळ उरलेला नाही. पैसा पगारातून, मालकांकडून, गाड्यांच्या नोंदणीतून आणि पेट्रोलमधून येतो. जे कमावत नाहीत त्यांचा भाग सरकार भरतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. एसीसी दुखण्याला पैसे देत नाही, अपघाताने झालेल्या इजेला देते. पाठ कितीही दुखत असली, पण तिच्यामागे सांगता येईल अशी घटना नसेल, तर तो जीपीचा, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरचा, आणि तुमच्या खिशाचा प्रश्न आहे.

तुम्ही यात बसता का

नागरिक, रेसिडेंट, वर्क व्हिसावाले, विद्यार्थी, आणि सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेले आईबाबा, हे सगळे बसतात. न्यूझीलंडच्या जमिनीवर अपघात झाला की व्हिसा कोणता हे उपचारांच्या बाबतीत सहसा आड येत नाही. एक बारकावा मात्र पाहुण्यांसाठी आहे. ज्या विमानाने ते इथे येतात, त्या विमानात किंवा त्यातून उतरताना झालेली इजा त्यांच्यासाठी यात धरत नाहीत.

आईबाबांच्या बाबतीत एक गैरसमज फार दिसतो. एसीसी आहे म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स काढायचा नाही, असं काही घरांत ठरवून टाकतात. तसं करू नका. बाबा ओल्या लाकडी डेकवरून घसरून मनगट मोडून बसले तर एसीसी. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, शुगर वाढली, न्यूमोनिया झाला, तर एसीसीचा काही संबंध नाही आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या नावावर. ऑकलंडच्या हिवाळ्यात त्या डेकवर शेवाळ धरतं, हेही त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

अपघात कशाला म्हणतात

कायद्याच्या भाषेत साधारण असं, की शरीराबाहेरून जोर किंवा अडथळा आला आणि त्यातून इजा झाली. पडणं, आपटणं, जड वस्तू उचलताना लचकणं, अंगावर काही येताना पाहून झटक्यात वळल्याने मान धरणं, हे सगळं त्यात येतं. तेवीस किलोची बॅग गाडीच्या डिकीतून ओढून काढताना खांद्यात कळ आली, हेही येतं.

दिवसभर लॅपटॉपसमोर बसून हळूहळू मान आखडली, हे येत नाही. कामामुळे कालांतराने होणाऱ्या काही त्रासांसाठी वेगळी तरतूद आहे, पण तिच्या अटी कडक आहेत आणि ते काम ॲक्युपंक्चरवाल्याच्या एका फॉर्मने होत नाही. वयामुळे झालेली झीजही येत नाही. पन्नाशीनंतर खांदा आणि कंबर यांच्या क्लेममध्ये घोडं अडतं ते इथेच. अपघात खरा असतो, पण स्कॅनमध्ये जुनी झीज दिसते आणि एसीसी म्हणते, दुखणं मुख्यतः झिजेचं आहे.

आधी कोणाकडे जायचं

थेट ॲक्युपंक्चरिस्टकडे गेलं तरी चालतं. जीपीची चिठ्ठी लागत नाही. फिजिओथेरपिस्ट, कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपॅथ यांच्याप्रमाणेच ॲक्युपंक्चरिस्टचं नाव एसीसीच्या नियमांत उपचार देणाऱ्यांच्या यादीत आहे आणि तो स्वतः तुमचा क्लेम दाखल करू शकतो.

तरीही माझा सल्ला असा, की मार जोराचा असेल तर आधी जीपी किंवा अर्जंट केअर गाठा. कारणं दोन. एक म्हणजे हाड मोडलं आहे का हे सुया टोचून कळत नाही. दुसरं, कामावर जाता येणार नसेल तर त्याचं सर्टिफिकेट डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर देतात. ॲक्युपंक्चरिस्ट ते देऊ शकत नाही, आणि ते नसेल तर पगाराची भरपाई अडकते.

डोक्याला मार लागून उलट्या होत असतील, पायातली ताकद गेली असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर ॲक्युपंक्चरचा विचारही नको. १११ ला फोन करा किंवा इमर्जन्सी विभागात जा. जावं की नाही अशी शंका असेल तर हेल्थलाइनचा ०८०० ६११ ११६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि फुकट आहे.

माणूस निवडताना

ऑकलंडमध्ये डॉमिनियन रोडवरून नुसती चक्कर मारली तरी ॲक्युपंक्चरच्या पाट्या दिसतील. पाटी आहे म्हणजे एसीसी चालते असं नाही. ॲक्युपंक्चर ज्यात मोडतं तो चायनीज मेडिसिन हा व्यवसाय २०२१ मध्ये कायद्याने नियंत्रित आरोग्य व्यवसाय झाला आणि त्यासाठी चायनीज मेडिसिन कौन्सिल ऑफ न्यूझीलंड ही संस्था आली. नोंदणी झालेल्यांची यादी तिच्याकडे असते, त्यात नाव शोधायला पाच मिनिटं पुरतात.

काही फिजिओसुद्धा सुया वापरतात. तिथे तुमची भेट फिजिओची म्हणूनच मोजली जाते, ॲक्युपंक्चरची म्हणून नाही. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जात असाल तर दोघांनाही तसं सांगा.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर हे विचाराच: तुम्ही एसीसीचे क्लेम घेता का, प्रत्येक भेटीला सरचार्ज किती, पहिल्या भेटीचा वेगळा दर आहे का, आणि अपॉइंटमेंट चुकली तर किती कापता. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण चुकलेल्या भेटीचे पैसे एसीसी देत नाही. ते तुमच्याकडूनच घेतले जातात.

सरचार्ज म्हणजे एसीसी देते त्याच्यावर दवाखाना तुमच्याकडून घेतो ती रक्कम. एसीसी ठरलेल्या दराने आपला वाटा देते, बाकी किती घ्यायचे हे दवाखाना ठरवतो. काही ठिकाणी काहीच घेत नाहीत, काही ठिकाणी आठवड्यातून दोनदा जायचं म्हटलं तर महिन्याचं बजेट हलतं. आणि ज्या दवाखान्याचा सरचार्ज शून्य, तो वाईट असतो असंही नाही. फक्त तिथे तुम्हाला किती वेळ देतात ते बघा.

पहिल्या भेटीत काय घडतं

क्लेमचा फॉर्म एसीसी४५ या नावाने ओळखला जातो. तो तुम्ही पाठवायचा नसतो, उपचार करणारा ऑनलाइन पाठवतो. तुम्ही माहिती द्यायची आणि संमती द्यायची. नाव, जन्मतारीख, पत्ता, काम काय करता, अपघात कामावर झाला की बाहेर, कधी, कुठे, कसा.

हा "कसा" नीट सांगा. आपल्याकडे डॉक्टरसमोर बसल्यावर दुखण्याचा इतिहास सांगायची सवय असते: "तशी कंबर अधूनमधून दुखतेच, वडिलांनाही होती, हल्ली जरा जास्त झालंय." समोरचा माणूस हे जसंच्या तसं लिहून घेतो, आणि मग एसीसीच्या नजरेत ती जुनी कंबर होते. त्यापेक्षा घटना आधी सांगा. "गेल्या शनिवारी सकाळी घर बदलत होतो. वॉशिंग मशीनची एक बाजू माझ्याकडे होती. पायरी उतरताना वजन माझ्यावर आलं आणि कमरेत उजवीकडे कळ गेली. त्यानंतर वाकता येत नाही." दिवस, जागा, हालचाल, अवयवाची बाजू, सगळं आलं. पूर्वीचा त्रास विचारला तर तोही खरा सांगायचा, लपवायचा नाही. पण ओळीत दुसरा.

इंग्रजीत सांगायला जड जात असेल तर आदल्या रात्री चार ओळी लिहून न्या. दुभाषी मागायचा हक्क आहे, सोबत घरचं माणूस नेलं तरी चालतं. मात्र आईची मुलाखत मुलाने परस्पर देऊन टाकू नये. तिला कुठे दुखतं हे तिलाच विचारू द्या. नाहीतर डावा गुडघा फॉर्मवर उजवा होतो आणि पुढे तो निस्तरत बसावं लागतं.

फॉर्मवर इजेचा एक कोड जातो: कमरेची लचक, मानेची लचक, घोट्याची लचक असा. एसीसी फक्त त्या इजेवरच्या उपचाराचे पैसे देते. पडल्यावर कंबर दुखत होती म्हणून तेवढीच नोंदवली आणि चार दिवसांनी मनगट सुजलं, तर लगेच सांगून तेही त्याच क्लेममध्ये जोडून घ्या. आणि जीपीने आधीच क्लेम केला असेल तर नवीन करू नका. एसएमएसने किंवा पत्राने आलेला क्लेम नंबर ॲक्युपंक्चरिस्टला द्या. एका अपघाताचे दोन क्लेम झाले की कागद एकमेकांत अडकतात.

मग प्रत्यक्ष सुया. त्या इंजेक्शनच्या सुईसारख्या नसतात. भरीव असतात आणि साधारण पाव मिलिमीटर जाड, टोचताना मुंगी चावल्याइतकं कळतं. आत गेल्यावर मात्र ठणका किंवा जडपणा जाणवतो, तो अपेक्षितच असतो. झटका बसल्यासारखी तीव्र कळ पायापर्यंत गेली तर गप्प राहू नका, सांगा, सुई सरकवतात. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. काही जण वर दिवा लावतात, कप लावतात, बारीक विद्युतप्रवाह सोडतात. प्रत्येक सुई तुमच्यासमोर नव्या सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे.

उपाशीपोटी जाऊ नका. उपास असलेल्या दिवशी तर नकोच. चक्कर येऊन पडणारे बहुतेक असेच रिकाम्या पोटी आलेले असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, पेसमेकर असेल, तर आधी सांगा. खांदा, मान आणि छातीच्या भागात खोल सुई फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका अगदी विरळा, पण असतो. उपचारानंतर दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, तर उद्यावर ढकलू नका.

गुण येतो का? कंबर आणि मानेच्या जुन्या दुखण्यात काही लोकांना आराम पडतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. ताज्या मारासाठी तो तितका भक्कम नाही. माझं मत विचाराल तर सुया एकट्या पुरत नाहीत. व्यायाम सोबत हवा, आणि तो शिकवायला फिजिओ बरा. चार-पाच भेटींत झोपायला, वाकायला, जिना चढायला काहीच फरक नसेल, तर पुढच्या दहा भेटींची तारीख घेण्याआधी ॲक्युपंक्चरिस्टला स्पष्ट विचारा, की आता काय.

क्लेम गेल्यानंतर

एसीसीकडे वर्षाला वीस लाखांच्या आसपास क्लेम येतात आणि साधे क्लेम फार लवकर मंजूर होतात. गुंतागुंत नसलेल्या क्लेमवर २१ दिवसांत निर्णय द्यायचं कायद्याचं बंधन आहे. एसीसीने मुदतीत निर्णयच दिला नाही तर क्लेम मंजूर झाला असं धरलं जातं. गुंतागुंतीच्या क्लेमला जास्त वेळ मिळतो. मायएसीसी या ऑनलाइन खात्यात क्लेमची स्थिती दिसते. काही अडलं तर ०८०० १०१ ९९६.

अपघातापासून बारा महिन्यांच्या आत क्लेम करावा. नंतरही घेतात, पण तोवर घटना सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. "बघू, बरं होईल" म्हणत तीन महिने तेल चोळत बसणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. दुखणं हळूहळू वाढत गेलं आणि मूळ घटनेची कुठे नोंदच नाही. लगेच उपचार नको असले तरी पहिल्या आठवड्यात एकदा दाखवून नोंद करून ठेवा.

किती भेटी मिळतील हे इजेवर अवलंबून असतं. त्या संपत आल्या आणि अजून गरज असेल तर ॲक्युपंक्चरिस्ट एसीसी३२ हा फॉर्म पाठवून वाढीव उपचार मागतो. तिथे प्रगती दाखवावी लागते. आधी दहा मिनिटं बसवत नव्हतं, आता अर्धा तास बसवतं, असलं काहीतरी मोजता येणारं. म्हणून घरी तशी नोंद ठेवा, मोबाइलवर ठेवली तरी चालते. मंजुरी येण्याआधी घेतलेल्या भेटींचं काय, ते दवाखान्याला आधीच विचारा. मंजुरी नाकारली तर ते पूर्ण पैसे तुमच्याकडून मागू शकतात.

एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. आपल्याच एका ओळखीच्या घरी असं झालं, की एका दवाखान्यात "कधी पडला होतात का हो, काहीही सांगा, क्लेम करून टाकू" असं सुचवलं गेलं. आणखी कुठेतरी एका भेटीच्या जागी तीन सह्या मागितल्या. याला हसून मान डोलावू नका. खोटा अपघात सांगणं हा गुन्हा आहे, फॉर्मवर नाव तुमचं असतं आणि व्हिसाही तुमचाच असतो. जेवढ्या भेटी झाल्या तेवढ्याच सह्या करा.

पगाराचं काय

डॉक्टरने काम बंद सांगितलं तर एसीसी पगाराच्या ८० टक्के देते, पण पहिल्या आठवड्यानंतर. अपघात कामावर झाला असेल तर पहिल्या आठवड्याचे ८० टक्के मालक देतो. क्रिकेटच्या मैदानावर झाला असेल तर पहिला आठवडा तुमच्या रजेतून जातो. मॅनेजरला वाईट वाटेल म्हणून कामावरचा अपघात घरचा म्हणून सांगणारे लोक आहेत. तसं करू नका, कोणाची चूक हा प्रश्नच इथे नाही.

नकार आला तर

पत्र नीट वाचा. नकार घटनेवर आहे, इजेच्या निदानावर आहे की झिजेवर, हे त्यात लिहिलेलं असतं. पुष्कळदा फॉर्मवरची एक तोकडी ओळ हेच कारण निघतं, आणि डॉक्टरने सविस्तर टिपण पाठवलं की काम होतं. तसं झालं नाही तर निर्णयापासून तीन महिन्यांत रिव्ह्यू मागता येतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि तो स्वतंत्र माणूस ऐकतो. तिथेही पटलं नाही तर डिस्ट्रिक्ट कोर्टात अपील आहे. रिव्ह्यूला वकील लागतोच असं नाही. कागद समजून घ्यायला जवळच्या सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोत जा, तिथे मोफत मदत मिळते. पण तीन महिने ही मुदत कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

भारतात सुट्टीवर असताना पडलात तर

तुम्ही नागरिक किंवा रेसिडेंट असाल, न्यूझीलंड हेच तुमचं घर असेल आणि थोड्या काळासाठी गेला असाल, तर पुण्यात रिक्षातून उतरताना मोडलेल्या पायालाही एसीसीचं कवच मिळू शकतं. वर्क किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर परदेशातल्या अपघाताचं हे कवच धरून चालू नका. तिथल्या हॉस्पिटलचं बिल एसीसी सहसा देत नाही, त्याला ट्रॅव्हल इन्शुरन्सच हवा. पण परत आल्यावरचे उपचार, त्यात ॲक्युपंक्चरही आलं, इथे क्लेम करून घेता येतात. त्यासाठी तिथून निघताना एक्स-रेची फिल्म, डिस्चार्ज समरी आणि अपघाताची तारीख लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी मागून घ्या. ती चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि आल्या आठवड्यात जीपीला दाखवून एसीसी४५ भरून घ्या.